वैद्यकीय मिशन : आलेले, राहिलेले आणि परतलेले

धर्मादाय कार्य करणाऱ्या कोणत्याही मंडळापुढे कधी ना कधी एक प्रश्न येतोच. परदेशातील डॉक्टरांची एक तुकडी येणार आहे. दहाबारा दिवस राहील, गोरगरिबांना फुकट तपासील, औषधेही बरोबर आणील. तिला बोलवावे की नाही? कधी हाच प्रश्न उलट बाजूने येतो. आपल्या समाजातील सुस्थित डॉक्टर परमुलखातील गरीब वस्त्यांत जाऊन सेवा करू इच्छितात. त्यांच्या प्रवासखर्चास ट्रस्टने हातभार लावावा की नाही? अशा फेऱ्यांना ख्रिस्ती मंडळींत ‘मेडिकल मिशन’ म्हणतात, आणि आता इतर समाजांतही तो शब्द रूढ होत चालला आहे. शब्द जुना आहे. अर्थ मात्र पुष्कळ पालटला आहे. पूर्वी मिशन म्हणजे आयुष्य असे. आता ते पुष्कळदा रजेचे दोन आठवडे असते.

ह्या विषयाचा अभ्यास करावयास बेळगाव-निपाणीच्या माणसाला फार लांब जावे लागत नाही. न्यूयॉर्क किंवा फिलाडेल्फियाच्या माणसाच्या दृष्टीने आपलाच मुलूख ‘परदेशातील गरीब वस्ती’ होता. आपण येथे त्या सेवेच्या घेत्या बाजूला होतो. देणाऱ्यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत; घेणाऱ्यांनी फारसे लिहिले नाही. म्हणून ही बाजू थोडी मांडावी असे आम्हांस वाटते.

ह्या भागातील अमेरिकन मिशनचा आरंभ कोल्हापुरास झाला. रेव्हरंड रॉयल वाइल्डर हे १८५२ साली तेथे आले. ते वैद्य नव्हते. त्यांचा भर शाळांवर होता. पण आपल्या वैद्यकाच्या इतिहासात त्यांचे नाव एका वेगळ्याच वाटेने शिरले आहे. गोपाळराव जोशी यांनी १८८० साली, पत्नी आनंदीबाई यांना अमेरिकेत वैद्यक शिकविण्याच्या इच्छेने, ह्याच वाइल्डरसाहेबांस पत्र लिहिले. साहेब तोवर स्वदेशी परतले होते. तुम्ही उभयतां ख्रिस्ती व्हाल तर साहाय्य करू, अशा आशयाचे उत्तर आले, आणि ते जोशी दांपत्यास मान्य झाले नाही. गोष्ट तेथेच संपावयाची. पण साहेबांनी तो पत्रव्यवहार आपल्या मासिकात छापला. न्यूजर्सीतील रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी दंतवैद्याकडे वाट पाहत बसल्या असता तो वाचला, आणि कोणतीही अट न घालता त्यांनी मदतीचा हात पुढे केला. आनंदीबाई १८८३ साली निघाल्या, १८८६ साली फिलाडेल्फियाच्या कॉलेजातून एम.डी. झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली होती. परंतु २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यास, अवघ्या एकविसाव्या वर्षी, त्या वारल्या. कोल्हापूरच्या वॉर्डात एका दिवसाचेही काम त्यांच्या हातून घडले नाही.

ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. तरी येथे ती दिली, ती एवढ्यासाठी की, मदतीला अट जोडावी की नाही हा वाद आपल्या भागात सेवेइतकाच जुना आहे. वाइल्डर आणि कार्पेंटरबाई दोघेही श्रद्धावान ख्रिस्ती होते. एकाने धर्माच्या नावाने अट घातली, दुसरीने त्याच धर्माच्या प्रेरणेने ती बाजूला ठेवली. म्हणून ‘मिशनरी’ हा शब्द उच्चारताच कोणी सरसकट स्तुती किंवा सरसकट निंदा करू लागला, तर आम्ही त्याला ह्या दोन व्यक्तींची आठवण करून देतो.

आता मिरजेकडे वळू. डॉ. विल्यम जेम्स वॉनलेस हे मूळचे कॅनडाचे, जन्म १८६५. न्यूयॉर्कला वैद्यक शिकून ते १८८९ साली पत्नी मेरी यांच्यासह प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे ह्या भागात आले. प्रथम सांगली, नंतर मिरज. १८९४ साली मिरजेचे रुग्णालय उभे राहिले. जागा मिरज संस्थानाकडून मिळाली. इमारतीचा पैसा फिलाडेल्फियाच्या जॉन कॉन्व्हर्स या आगगाडीची इंजिने बनविणाऱ्या कारखानदाराकडून आला. इंजिनांच्या कमाईतून उठलेले हे रुग्णालय रेल्वेच्या जंक्शनाशी उभे राहावे, हा योग गमतीचा खरा, पण निरर्थक नव्हे. पुण्याकडून, बेळगावकडून आणि कोल्हापूरहून येणारे लोहमार्ग मिरजेस मिळत असल्यामुळे रुग्णाला गाडीतून उतरताच दवाखाना जवळ पडे. निपाणीला रेल्वे नाही. तिकडच्या माणसाला चिकोडी रोड स्टेशन गाठावे लागे किंवा कोल्हापूरमार्गे वळसा घ्यावा लागे. तरी लोक जात. ‘मिरजेला नेले’ ह्या दोन शब्दांत दुखणे किती गंभीर आहे हे आमच्या भागात आपोआप कळत असे.

लोक का जात? मोतीबिंदू हे एक मोठे कारण होते. त्यापूर्वी खेडोपाडी फिरणारे लोक सुईने डोळ्यातील गढूळ भिंग मागे ढकलीत. क्षणभर दिसू लागे. पैसे घेऊन ते पुढच्या गावी जात आणि मागाहून डोळा सुजून कायमचा जाई. मिरजेस भिंग काढून टाकीत. रुग्णाला डोळ्यांस पट्टी बांधून काही दिवस उताणा निजवीत आणि नंतर जाड भिंगाचा चष्मा देत. दोन्ही ठिकाणी दृष्टी येई. भेद एवढाच की, मिरजेचा वैद्य दहाव्या दिवशीही तेथेच असे. फिरता सुईवाला आणि आजची धावती तुकडी यांची तुलना करणे कठोर वाटेल, आणि कौशल्याच्या बाबतीत ती अन्यायाचीच होईल. पण ‘मागाहून कोण पाहणार?’ हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू आहे.

वॉनलेस यांचे शस्त्रकौशल्य मोठे होतेच. पण आमच्या मते त्यांचे मोठे काम १८९७ सालचे आहे. त्या वर्षी त्यांनी मिरजेस वैद्यकाची शाळा काढली. भारतातील मिशनने चालविलेल्या अशा शाळांत ती पहिली मानली जाते. आपण एकट्याने किती पोटे आणि किती डोळे उघडणार, हा हिशेब ज्याला लवकर कळला, त्याने हाताखाली माणसे तयार केली. त्या शाळेतून शिकलेली मंडळी लहान गावांत गेली आणि तेथेच राहिली. एका गावचा डॉक्टर दुसऱ्या गावच्या रुग्णाला ‘मिरजेस जा’ म्हणून चिठ्ठी देऊ लागला. रुग्णालय म्हणजे केवळ इमारत नव्हे, चिठ्ठी देणाऱ्या माणसांचे जाळे होय, हे आजच्या नियोजनकारांनाही पुष्कळदा सांगावे लागते.

भाषेचा प्रश्नही असाच. मिशनचा नियम असा की, नव्या माणसाने आधी येथील भाषा शिकावी, परीक्षा द्यावी, मग काम. मिरजेस मराठी तर लागेच, पण दक्षिणेकडून येणाऱ्या रुग्णांसाठी कानडीही लागे. ‘पोटात कळ येते’, ‘पोटात आग पडते’ आणि ‘पोट धरते’ ही तीन वेगळी दुखणी आहेत. दुभाष्याने तिन्हींचे भाषांतर ‘पोट दुखते’ असे केले की निदान तेथेच आंधळे होते.

पैशाची व्यवस्था पाहण्यासारखी होती. राजेरजवाडे आणि सधन रुग्ण यांच्याकडून शुल्क घ्यावयाचे आणि त्यावर गरिबांचे उपचार चालवावयाचे, अशी ती रीत होती. कोल्हापूरचे शाहू छत्रपती हे वॉनलेस यांचे चाहते होते. येथे धर्माचा प्रश्न पुन्हा निघतो. मिशनच्या दवाखान्यांत प्रार्थना होत, बायबल वाचले जाई. धर्मप्रसार हा त्यांचा उघड हेतू होता आणि तो कोणी लपविला नाही. रुग्णाला ते ऐकावे लागे. दुखणाईत माणूस उठून जाऊ शकत नाही, म्हणून त्याच्यापुढे धर्मोपदेश करणे आम्हांस रास्त वाटत नाही. तथापि हेही खरे की, ज्या काळी अस्पृश्य म्हणविलेल्या माणसाला कित्येक वैद्य हात लावून नाडी पाहत नसत, त्या काळी ह्या दवाखान्यांनी त्याला खाट दिली. महारोग्यांसाठी मिरजेस वेगळे आश्रयस्थान झाले, क्षयरोग्यांसाठी सांगलीच्या वाटेवर सॅनिटोरियम झाले. त्यावरूनच वानलेसवाडी हे नाव पडले. १९२८ साली, सुमारे ३९ वर्षांच्या सेवेनंतर, वॉनलेस निवृत्त झाले. त्याच वर्षी त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९३३ साली ते निवर्तले. मागे डॉ. व्हेल यांनी काम पुढे चालविले, आणि १९६२ साली मिरजेस सरकारी मेडिकल कॉलेज निघाले तेव्हा त्याच्या विद्यार्थ्यांना खाटेजवळचे शिक्षण देण्यास हे रुग्णालय उपयोगी पडले. अलीकडच्या काळात त्या संस्थेला पैशाची मोठी ओढाताण सोसावी लागली, ही खेदाची गोष्ट. परदेशचा ओघ आटल्यावर स्थानिक समाजाने काय उचलून धरले, हा प्रश्न मिशनला नव्हे, आम्हा सर्वांना विचारावयाचा आहे.

इतर ठिकाणांचा उल्लेख थोडक्यात करतो. घाटाखाली वेंगुर्ल्यास सेंट ल्यूक्स रुग्णालयात डॉ. गोहीन यांनी काम केले. त्यांचा वेंगुर्ल्यात जन्मलेला मुलगा रॉबर्ट पुढे १९७७ साली अमेरिकेचा राजदूत होऊन भारतात आला. वेलोरास आयडा स्कडरबाईंनी १९१८ साली स्त्रियांसाठी वैद्यकशाळा काढली, कारण पुरुष डॉक्टराला घरात येऊ न देता लोक बाळंतिणीला मरू देत. घटप्रभेस डॉ. कोकटनूर यांनी देशी प्रयत्नातून आरोग्यधाम उभारले, आणि १९६३ साली बेळगावास के.एल.ई. संस्थेचे मेडिकल कॉलेज निघाले. म्हणजे परदेशी माणसावाचून अडते असे नाही.

आता उलट बाजू. आपल्याकडून परदेशी गेलेल्या वैद्यकीय मिशनचे सर्वांत थोर उदाहरण ख्रिस्ती नव्हे, राष्ट्रीय सभेचे आहे. १९३८ साली पाच डॉक्टरांची तुकडी युद्धग्रस्त चीनला गेली. तीत नागपूरचे डॉ. चोळकर होते आणि सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस होते. बाकीचे यथावकाश परतले, कोटणीस राहिले. चिनी भाषा शिकले, बेथ्यून रुग्णालयाचे प्रमुख झाले, विद्यार्थ्यांना शिकवू लागले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, बत्तिसाव्या वर्षी, तेथेच वारले. परतलेल्या चौघांची सेवा कमी होती असे आम्ही म्हणत नाही. पण चीनच्या खेड्यात नाव राहिले ते कोटणिसांचे. वॉनलेस आणि कोटणीस यांच्यात धर्म, देश, राजकारण काहीच समान नाही. भाषा शिकणे, माणसे शिकविणे आणि राहणे ह्या तीन गोष्टी मात्र समान आहेत.

प्रत्येकाला आयुष्य देता येत नाही, हे आम्हांस मान्य आहे. थोड्या दिवसांची फेरी निरुपयोगी नव्हे. रोग कोणता यावर ते अवलंबून आहे. दुभंगलेला ओठ शिवणे, मोतीबिंदू काढून कृत्रिम भिंग बसविणे ही कामे, मागची देखभाल करणारा स्थानिक डॉक्टर असेल तर, पाहुण्या हातांनी उत्तम होतात. पण महारोगाची आजची औषधे सहा महिने किंवा वर्षभर घ्यावी लागतात, क्षयाची साधारण सहा महिने, आणि रक्तदाब व मधुमेह यांची जन्मभर. शिबिरात साखर मोजून पंधरा दिवसांच्या गोळ्या दिल्या म्हणजे त्या माणसाला सोळाव्या दिवशी काय करावे हे कळत नाही. निपाणी भागात तंबाखूची धूळ आणि विड्या वळण्याचे काम यांमुळे खोकणाऱ्या बायका आहेत. त्यांना वर्षातून एकदा छातीला नळी लावून काय साधणार? त्यांना दर आठवड्याला ठरल्या वारी उघडणारा दवाखाना हवा, आणि तोही मजुरी बुडणार नाही अशा वेळी. सर्पदंशाचे तर बोलावयासच नको. तेथे हिशेब तासांचा असतो.

सीमाभागात आणखी एक अडचण आहे. १ नोव्हेंबर १९५६ पासून राज्याची हद्द रुग्णाच्या वाटेत आली. मिरज-कोल्हापूरला जाणारा निपाणीचा माणूस एका राज्याचे कार्ड घेऊन दुसऱ्या राज्याच्या खिडकीशी उभा राहतो. २०२३ साली महाराष्ट्र सरकारने आपली जनआरोग्य योजना सीमाभागातील ८६५ गावांना लागू करण्याचे ठरविले, तेव्हा कर्नाटक सरकारने त्यास आक्षेप घेतला. त्या वादात आम्ही येथे शिरत नाही. दुखणे हद्द पाहत नाही, आणि ट्रस्टनेही पाहू नये.

तेव्हा एखादी तुकडी यावयाची म्हटली की, आम्ही पुढील चौकशी आधी करू. परदेशी डॉक्टरांना येथे रुग्ण तपासण्याची तात्पुरती परवानगी आयोगाकडून मिळाली आहे काय? औषधांची मुदत किती उरली आहे? जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ साली घालून दिलेल्या धोरणाप्रमाणे दान दिलेल्या औषधाची पोचल्यावर निदान एक वर्ष मुदत शिल्लक असावी. पेटीवर इंग्रजी अक्षरे आहेत एवढ्याने औषध चांगले ठरत नाही. त्यांच्याबरोबर बेळगाव वा निपाणीचा कोणता डॉक्टर प्रत्येक शस्त्रक्रियेला उभा राहील, आणि टाके कोण काढील? उपचाराच्या वेळी धर्माची, पक्षाची किंवा ट्रस्टच्या सभासदत्वाची अट असणार नाही, हे लेखी द्यावे. आणि प्रत्येक रुग्णाच्या हाती एक कागद जावा : काय झाले, काय दिले, केव्हा व कोणाकडे परत यावे. तो मराठीत असावा आणि कानडीतही असावा, कारण चिकोडीच्या दवाखान्यात तो वाचणाऱ्या परिचारिकेला बहुधा कानडी अधिक सोयीची असेल.