पोटांतील जळजळ : कारणें व उपाय

वाचावें : १ तीमथ्य ५:२३, २ राजे २०:१-७.



तीमथ्याला पोटाची व्यथा होती, तेव्हां पौलानें त्या काळीं ठाऊक असलेला उपाय त्यास सुचविला. यशयानेंही हिज्कीयाच्या गळवावर अंजिरांचें पोटीस बांधविलें. यावरून औषध घेणें हा अविश्वास नव्हे, हें उघड आहे. मात्र पौलाच्या सल्ल्याचा आधार घेऊन कोणीं माडी पिऊं नये. दारूनें जठराचा दाह वाढतो, हें आतां सर्वांस ठाऊक आहे.

अलिबागेपासून श्रीवर्धनापर्यंत आपल्या गांवांत छातीखालीं व बेंबीच्या वर जळजळ होऊं लागली म्हणजे कोणी सोडा पितो, कोणी करणी समजून भगताकडे जातो, तर कोणी पोटावर डाग घेतो. डागानें कातडी भाजते. आंतील रोग तसाच राहतो. म्हणून प्रथम कारण शोधावें.

१. आम्ल वर चढणें. भरपेट जेवून लगेच निजल्यानें व तंबाखूनें हें वाढतें. निजण्यापूर्वीं दोन-तीन तास जेवावें. तंबाखू व मिसरी सोडावी.

२. जठरांतील व्रण. हा चिंतेनें व तिखटानें होतो, असें पूर्वीं डॉक्टरही मानीत. १९८२ सालीं ऑस्ट्रेलियांतील वॉरन व मार्शल यांनीं जठरांत राहणारा हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जंतु शोधिला. त्यांस २००५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तपासणींत हा जंतु आढळल्यास डॉक्टर जंतुनाशक औषधें व आम्ल कमी करणारी गोळी बहुधा १४ दिवस देतात. बरें वाटलें म्हणून तीं मध्येंच सोडूं नयेत.

३. अंगदुखीच्या गोळ्या. लावणीनें कंबर धरते, जाळें ओढून खांदे भरून येतात, आणि मनुष्य दुकानांतून डायक्लोफिनॅक किंवा आयबुप्रोफेन आणून रोज घेतो. ह्या गोळ्यांनीं जठराचें अस्तर दुर्बळ होऊन व्रण पडतो व रक्तही वाहतें. त्या डॉक्टरांस विचारल्यावांचून घेऊं नयेत.

४. पित्ताशयांतील खडे. तेलकट जेवणानंतर उजव्या बरगडीखालीं कळ येते.

५. हृदयविकार. जळजळीबरोबर घाम, धाप, अथवा हातांत किंवा जबड्यांत वेदना असल्यास पित्त समजून थांबूं नये.

हृदयविकाराचीं हीं लक्षणें, रक्ताची उलटी, शौचास डांबरासारखें काळें होणें, किंवा पोट एकाएकीं लाकडासारखें कठीण होणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास तत्काळ १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. वजन घटत असेल, घास अडकत असेल, किंवा उतारवयांत हें दुखणें नव्यानें सुरू झालें असेल, तर दुर्बिणीची तपासणी टाळूं नये.

उपदेशकांनो, रोग्याच्या घरीं प्रार्थना अवश्य करा. परंतु दुखणें पापाचें फळ आहे, असें सांगून त्याचें मन खचवूं नका. दुखणें कधींपासून आहे, कोणत्या गोळ्या चालू आहेत, शौचाचा रंग कसा आहे, हें लाज न धरितां विचारा. गरज दिसल्यास त्याच्यासोबत दवाखान्यांत जा.

अभ्यासाकरितां प्रश्न :
(१) हिज्कीयासाठीं प्रार्थना व उपाय हीं दोन्हीं कशीं योजिलीं गेलीं?
(२) तुमच्या मंडळींत रोज अंगदुखीच्या गोळ्या घेणारे कोण आहेत, व त्यांस तुम्ही काय सांगाल?