लग्न वीस दिवसांवर आलंय, पील करू का?

प्रश्न : माझं वय ३४. दुसऱ्या बाळंतपणानंतर दोन्ही गालांवर वांग आले. मेडिकलमधून आणलेलं एक क्रीम वर्षभर लावतेय. लावलं की चेहरा उजळतो, चार दिवस थांबलं की लाल होऊन चुरचुरतो. धाकट्या दिरांचं लग्न वीस दिवसांवर आलंय. पार्लरवाल्या ताई म्हणतात, एक केमिकल पील केलं की वांग जातील. शिवाय ते अ‍ॅसिड उसातलंच असतं, त्यामुळे भीती नाही. करून घेऊ का?
– एक वाचक, वाळवा तालुका

उत्तर : या लग्नासाठी नका करू. कारण सांगते.

तुमचं पत्र वाचताना मी आधी त्या क्रीमपाशीच अडखळले. लावलं की उजळणारा आणि सोडलं की पेटणारा चेहरा बहुतेक वेळा स्टिरॉइडचा असतो. मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय सर्रास मिळणाऱ्या गोरेपणाच्या ट्यूबमध्ये हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइनच्या जोडीला मोमेटासोनसारखं स्टिरॉइड असतं. वांगावर डॉक्टरांनी मोजक्या आठवड्यांसाठी दिलं तर ते औषध आहे. वर्षभर लावलं तर त्वचा पातळ होते, बारीक लाल शिरा दिसू लागतात, गालांवर लव वाढते. २०१८ साली सरकारने स्टिरॉइडची चौदा मलमं चिठ्ठीवरच विकायची म्हणून सांगितलं, तरी गावोगावी ती तशीच विकली जातात. अशा पातळ झालेल्या कातडीवर अ‍ॅसिड घातलं तर ते किती खोल उतरेल, याचा भरवसा मीसुद्धा देऊ शकत नाही.

आता उसाचं. ग्लायकोलिक अ‍ॅसिड उसाच्या रसात असतं, हे खरं. दह्यात लॅक्टिक अ‍ॅसिड असतं. आपल्या आज्या बेसनात दही कालवून तोंडाला लावायच्या, तेही एक सौम्य पीलच म्हणायचं. पण पीलच्या बाटलीतलं ग्लायकोलिक कारखान्यात तयार झालेलं असतं आणि २० ते ७० टक्के तीव्रतेचं असतं. टक्केही पूर्ण माहिती देत नाहीत. त्या द्रावाचा पीएच जितका कमी, तितकं ते जास्त चावतं. म्हणजे दोन बाटल्यांवर ३५ टक्केच लिहिलेलं असलं तरी एक नुसती चुरचुरेल आणि दुसरी भाजेल. म्हणून पील करणाऱ्याला विचारायचंच : अ‍ॅसिड कोणतं, टक्के किती, पीएच किती, आणि थांबवणार कशाने?

हा शेवटचा प्रश्न मी मुद्दाम विचारायला सांगते. गेल्या लग्नसराईत एक मुलगी हळदीच्या आदल्या दिवशी ओढणीने तोंड झाकून माझ्याकडे आली. ‘फ्रूट पील’ म्हणून तिच्या चेहऱ्याला काहीतरी लावलं होतं आणि लावणारी बाई फोन आला म्हणून बाहेर गेली होती. ग्लायकोलिक आपोआप थांबत नाही. सोड्याच्या पाण्याने किंवा भरपूर साध्या पाण्याने ते वेळेत मारावं लागतं. तिच्या जबड्याच्या कडेला दोन्ही बाजूंनी तपकिरी पट्टे उमटले होते, हात लावू देत नव्हती. ते पट्टे जायला पाच महिने लागले. लग्नाचा अल्बम ती अजून उघडत नाही, असं तिच्या आईने परवा सांगितलं.

असं का होतं, तर आपल्या कातडीच्या स्वभावामुळे. फिट्झपॅट्रिक या अमेरिकन डॉक्टरांनी १९७५ मध्ये त्वचेची उन्हाला मिळणाऱ्या प्रतिसादावरून वर्गवारी सुचवली. पुढे तिचे सहा प्रकार झाले, आणि आपण बहुतेक जण त्यात चौथ्या-पाचव्यात बसतो. या त्वचेला ऊन तितकं भाजत नाही, पण जखम झाली की ती काळं करून ठेवते. डास चावला तरी महिनाभर डाग राहतो, हा आपल्या घरोघरचा अनुभव आहे. पील म्हणजे मोजून केलेली जखमच. माप चुकलं की ज्या काळेपणासाठी पील केलं, तोच दुप्पट होऊन परत येतो. म्हणून आपल्याकडे वरवरचेच पील करायचे. फिनॉलचा खोल पील आपल्या रंगाच्या त्वचेवर करूच नये. फिनॉल अंगात शोषलं जाऊन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, म्हणून परदेशातही तो ईसीजी लावूनच करतात.

नीट केलेला पील कसा असतो, तेही सांगते. आधी दोन ते चार आठवडे त्वचा तयार करायची : सकाळी सनस्क्रीन, रात्री डॉक्टर देतील ते मलम. ते मलम पीलच्या काही दिवस आधी थांबवायचं. आठवडाभर थ्रेडिंग, वॅक्सिंग, ब्लीच काही नाही. कानामागे थेंबभर लावून पाहायचं. प्रत्यक्ष दिवशी चेहऱ्यावरचं तेल पुसून काढतात. ओठ, नाकपुड्यांच्या कडा आणि डोळ्यांचे कोपरे यांवर व्हॅसलिनचा थर देतात, कारण अ‍ॅसिड तिथे साचतं. मग ब्रशने कपाळापासून सुरुवात. माझ्याकडे शेजारी पंखा चालू असतो, हातात स्टॉपवॉच असतं आणि नजर घड्याळापेक्षा त्वचेवर जास्त असते. एखादी जागा वेळेआधी लाल झाली तर तेवढी लगेच मारायची. सगळं दोन-चार मिनिटांत संपतं. नंतरचे तीन ते सात दिवस कोंड्यासारखी सालं निघतात. ती नखाने ओढायची नाहीत. वाफ नाही, स्क्रब नाही. अशा चेहऱ्याला हळद-चंदन चोळलं तर काय होईल, ते तुमच्या लक्षात आलं असेल.

आणि एका पीलने वांग जात नाहीत. दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने चार-सहा वेळा करावा लागतो, तेव्हा ते फिके होतात. ऊन, चुलीची धग, हार्मोन्स यांनी ते परत येतात. वांगाला साधा दिसणारा उजेडही पुरतो. म्हणून आयर्न ऑक्साइड असलेलं, त्वचेच्या रंगाचं सनस्क्रीन घ्या आणि दोन बोटांवर लांबीभर येईल इतकं चेहऱ्याला नि मानेला लावा.

सध्या इतकंच करा : या आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. ती ट्यूब फेकू नका, पिशवीत टाकून सोबत न्या. स्टिरॉइड एकदम तोडायचं की हळूहळू, ते डॉक्टर तिच्यावरचं नाव वाचून ठरवतील.

प्रश्न : मुलाला (१९) खूप मुरमं आहेत. त्याला पील चालेल का?

उत्तर : चालतो. सॅलिसिलिक अ‍ॅसिड तेलात विरघळतं, त्यामुळे तुंबलेल्या छिद्रांत शिरतं. मुरमांना २० ते ३० टक्क्यांचं वापरतात. पण डॉक्टरांना तीन गोष्टी विचारण्याआधीच सांगा. मुरमांसाठी आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या चालू आहेत का किंवा नुकत्याच झाल्या का? अ‍ॅस्पिरिनची अ‍ॅलर्जी आहे का? तापात ओठाच्या कडेला पाण्याचे फोड येतात का? येत असतील तर आधी विषाणूविरोधी गोळ्या द्याव्या लागतात. जखमेचा वण वाढून गाठीसारखा होत असेल तर तेही सांगा. आणि घरात गरोदर किंवा अंगावर पाजणारी कुणी असेल तर तिने त्याच्याबरोबर ‘आलोच आहोत तर’ म्हणून पील करून घेऊ नये.

प्रश्न : ऑनलाइन पीलची बाटली मागवली आहे. घरी लावू का?

उत्तर : नको. अमेरिकेच्या एफडीएने जुलै २०२४ मध्ये नेमका हाच इशारा दिला : तीव्र अ‍ॅसिडचे पील स्वतःच्या हाताने लावून लोकांना रासायनिक भाजणं झालं आहे. आरशात बघत स्वतःच्या चेहऱ्यावरचं अ‍ॅसिड वेळेत थांबवता येत नाही.

प्रश्न : मुलीसाठी स्थळं बघतोय. सावळी आहे. पीलने गोरी होईल का?

उत्तर : नाही होणार. तिला हाताची बाही वर करायला सांगा आणि दंडाच्या आतल्या बाजूची, ऊन न लागलेली कातडी बघा. तो तिचा रंग. उन्हाने काळवंडलेला चेहरा पीलने फार तर त्या रंगापर्यंत येतो, त्यापुढे नाही. त्यापुढे नेण्याचं आश्वासन देणाऱ्याकडे तिला नेऊ नका. माझ्याकडे आली तर डाग, मुरमं, वांग काही आहे का ते मी बघेन. नसेल तर सनस्क्रीनचं नाव लिहून देईन आणि घरी पाठवेन. सोबत तुम्हीही या, मला तुमच्याशी पाच मिनिटं बोलायचं आहे.