टेम्पो फाटकात असतानाच

पोरी, बदलापूरच्या ग्रामीण रुग्णालयात तुझी नेमणूक झाली, कोठीच्या किल्ल्या हातात आल्या, म्हणून मामाच्या नात्यानं चार गोष्टी कानात सांगून ठेवतो. माझ्या वेळी साठा म्हणजे लाल बांधणीची नोंदवही आणि करार म्हणजे कपाटातली फाइल. 26 जुलै 2005 च्या पुरात आमच्या कोठीतल्या खालच्या फळीवरच्या फायलींचा पार लगदा झाला. त्यात एका यंत्राचा देखभाल करार होता. पुढं यंत्र बंद पडलं तेव्हा पुरवठादार म्हणाला, मुदत संपली. संपली नव्हती, पण दाखवायचं काय?

तेव्हा किल्ल्या घेतल्यास त्याच दिवशी सगळे चालू करार स्कॅन कर. आणि ते तुझ्या खासगी मेलवर ठेवू नकोस. मेल पदाच्या नावाचा हवा, तुझ्या नव्हे. उद्या तुझी बदली अंबरनाथच्या छाया रुग्णालयात झाली, की मागून येणाऱ्याला फोन करकरून पासवर्ड मागावा लागतो, मी मागितलेत.

आता खरी गोष्ट. टेम्पो नेहमी शुक्रवारी संध्याकाळी येतो. भिवंडीहून निघालेला, कल्याणच्या कोंडीत अडकलेला, आणि ड्रायव्हरला पुढं मुरबाड गाठायचं असतं. ‘मॅडम, सही द्या, सोमवारी मोजा.’ त्याचा चेहरा बघून वाईट वाटतं, तरी सरळ सही ठोकायची नाही. खोके मोजायचे आणि चलनावर लिहायचं: ‘खोके इतके मिळाले, आतली मोजणी व तपासणी बाकी’. तारीख, वेळ, मग सही. टेम्पो फाटकात असतानाच चलनाचा आणि खोक्यांच्या लेबलांचा फोटो काढ. एकदा मी नुसतीच सही केली होती. सोमवारी सलाईनचे बारा खोके कमी निघाले. पुढं चार महिने मी पत्रं लिहीत होतो आणि पुरवठादार माझ्याच सहीची झेरॉक्स मला पाठवत होता.

लस किंवा इन्सुलिन आलं तर आधी तापमान, मग चलन. 2 ते 8 अंश. पेटीत तापमान टिपणारं यंत्र असेल तर त्यातली वाटेतली नोंदही उतरवून घे. उतरवताना गार लागलं म्हणजे वाटेतही गार होतं असं नाही.

साठ्याच्या ई-औषधी प्रणालीत बॅच क्रमांक भरताना डोळे फाडून बघ. शून्य आणि इंग्रजी ओ यांची गल्लत झाली, तर उद्या ती बॅच परत मागवल्याचं पत्र आल्यावर शोधात ती सापडणारच नाही, आणि बाटल्या मात्र फळीवर बसलेल्या असतील. करारात मालाचं किती आयुष्य शिल्लक हवं तेही लिहिलेलं असतं. समज तीन-चतुर्थांश म्हटलंय, तर 24 महिन्यांच्या औषधाला हातात पडताना 18 महिने हवेत. 14 असतील तर नाकार, आणि नकार लेखी दे.

खरेदी कोण करतं हे बदलत राहतं. 2017 पासून हाफकिनकडे होती, 2023 च्या कायद्यानं त्यासाठी वेगळं प्राधिकरण आलं. तुझं काम त्यानं बदलत नाही. जेम या सरकारी खरेदी पोर्टलवरचा माल असेल तर पोच 48 तासांत आणि स्वीकार की नकार ते 10 दिवसांत नोंदवायचं असतं. बिलाचं घड्याळ तिथून चालू होतं. आपले लोक इथं सुस्तावतात. लघुउद्योगाचं बिल 45 दिवसांपुढं गेलं, तर 2006 च्या कायद्यानं बँकदराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज लागू शकतं. व्याज क्वचित कुणी मागतो. बहुतेक जण पुढच्या निविदेत दर वाढवून ते वसूल करतात.

यंत्रांचं वेगळं. 2015 च्या उपकरण देखभाल कार्यक्रमात जिल्हा रुग्णालयाला 95 टक्के आणि तुझ्या रुग्णालयासारख्या ठिकाणी 90 टक्के वेळ यंत्र चालू हवं असं धरलंय. म्हणजे वर्षात साधारण 36 दिवस बंद चालतं, 37 वा दिवस पुरवठादाराच्या खिशातून. पण दिवस मोजायचे ते तक्रार क्रमांकापासून. टेक्निशियनला नुसता फोन केलास तर तो दिवस मोजलाच जात नाही. तक्रार नोंदव, क्रमांक घे, तो यंत्रावर चिकटव. दुरुस्तीच्या कागदावर यंत्र चालवून बघितल्याशिवाय सही करू नकोस. ‘चेक केलं, ओके’ हे तीन शब्द फार महाग पडतात.

आणि डोंगल. डिजिटल सहीचं ते बोटभर यंत्र बहुतेक ठिकाणी लिपिकाच्या ड्रॉवरमध्ये पडलेलं असतं, पासवर्डची चिठ्ठी त्यालाच चिकटवून. तुमच्याकडे तसं असेल तर ज्यांची सही आहे त्या मॅडमना आदरानं सांग, आपल्या पर्समध्ये ठेवा. त्याची मुदत कधी संपते तेही बघून ठेव. एका वर्षी ती मार्चच्या 29 तारखेला संपली. निधी होता, बिलं तयार होती, सही उमटेना. नवीन डोंगल हातात आलं एप्रिलात.

एक साधी एक्सेल कर: करार, पुरवठादार, संपण्याची तारीख, आणि त्याआधी 90 दिवसांची तारीख. ती 90 वाली लाल कर, कारण नव्या निविदेला तेवढे दिवस लागतातच. रविवारी दुपारच्या लोकलनं ये, गर्दी कमी असते. लॅपटॉप आण, पहिले दहा करार आपण दोघं मिळून भरू.