दूध सोडलेल्या मुलाशी बोलताना

गेल्या महिन्यात खोपोलीहून एक आई कॉलेजात जाणाऱ्या मुलाला घेऊन दवाखान्यात आली. मुलाने मटण-मासळीबरोबर दूध, दही, तूपही सोडले होते. "डॉक्टर, घरात रोज भांडण. तुम्हीच दम द्या याला," आई म्हणाली. "यांना जनावरांचे हाल दिसतच नाहीत," मुलगा म्हणाला.

अशा वेळी मला आपल्या माथेरानशी निगडित एक हकीकत आठवते. गांधीजींनी १९१२ साली दूध सोडले. १९१८ मध्ये ते आमांशाने खंगले आणि हवापालटासाठी माथेरानला आले. तेथील जड पाणी मानवेना, म्हणून आठवडा पुरा होण्याआधीच परतले. पुढे डॉ. दलाल यांनी त्यांना तपासले व दुधाशिवाय शरीर भरून येणार नाही असे सांगितले. गांधीजींनी नकार दिला. डॉक्टर रागावले नाहीत. व्रत नेमके काय आहे, हे त्यांनी विचारले. गाई-म्हशींच्या छळामुळे दूध सोडल्याचे कळले, तेव्हा कस्तुरबांनी शेळीचे दूध सुचवले. गांधीजींनी ते घेतले. पण व्रताचा केवळ शब्द पाळला, ही खंत त्यांना राहिली.

यातून शिकायचे ते असे, की आधी कारण विचारावे आणि माणसाला शब्दात पकडून हरवू नये.

मीही मुलाला कारण विचारले, मग आहार. वाल, चवळी, डाळी, शेंगदाणे यांतून प्रथिने मिळतात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असते. अडचण बी-१२ जीवनसत्त्वाची आहे. ते वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, म्हणून कमतरता उशिरा कळते. थकवा, जीभ लाल होणे, पायांना मुंग्या येणे ही तिची लक्षणे. दुर्लक्ष केल्यास मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. गोळ्यांतील बी-१२ जिवाणूंपासून तयार होते, हे सांगताच मुलगा गोळी घ्यायला तयार झाला. रक्त तपासायलाही सांगितले. गरोदर स्त्रिया व लहान मुले यांनी मात्र डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय असा बदल करू नये.

आईला म्हटले, "घरात माळकरी असला तर आपण त्याचे ताट वेगळे वाढतोच ना? तसेच समजा." मुलाला म्हटले, "आई सुकट भाजते ती तुझ्या भावंडांच्या पोटासाठी. जेवताना तिला बोलू नकोस."

दोघेही थोडे हसले. निम्मे औषध तेथेच लागू पडले.