नख पिवळं पडलंय? आधी तपासणी, मग गोळी

पायाच्या अंगठ्याचं नख पिवळं पडलं, जाड झालं, कडेनं सुटून त्याखाली भुगा साचू लागला की बहुतेक जण थेट मेडिकल गाठतात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत गमबूट घालून फवारणी करणारे, सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळीभर सेफ्टी शूजमध्ये उभे राहणारे, इगतपुरीकडे आवणीला चिखलात राबणारे, या सगळ्यांना मी एकच विनंती करतो: खात्री झाल्याशिवाय गोळी सुरू करू नका.

कारण खराब दिसणाऱ्या नखांपैकी साधारण निम्म्या नखांतच बुरशी सापडते. बाकीच्यांत सोरायसिस असतो, घट्ट बुटाचा रोजचा मार असतो, कधी नुसतं वय. आणि नखात काळी रेघ उमटून ती रुंद होत चालली असेल, तर दुसऱ्याच दिवशी त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. क्वचित तो कर्करोग निघतो.

तपासणी सोपी आहे, दुखत नाही. नख स्पिरिटनं पुसायचं, सुटलेला भाग कापायचा आणि जिथं चांगलं नख सुरू होतं तिथला भुगा खरवडून काचपट्टीवर घ्यायचा. त्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला की नख विरघळतं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे फांद्या फुटलेले धागे दिसतात. कल्चरला तीन-चार आठवडे लागतात. आधीच गोळ्या किंवा मलम चालू असेल तर बुरशी असूनही अहवाल कोरा येऊ शकतो, म्हणून तेही डॉक्टरांना सांगा. जिल्हा रुग्णालयात किंवा आडगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागात दाखवता येईल.

बुरशी निघाली तर उपचार नक्की आहे, फक्त लांबचा आहे. टर्बिनाफिनची २५० मिलिग्रॅमची गोळी रोज एक, बारा आठवडे. आधी यकृताची रक्ततपासणी करून घ्यायची. यकृताचा आजार असेल तर ही गोळी नको, आणि गरोदरपणात हा उपचार पुढे ढकलतात. दुसरं औषध इट्राकोनॅझोल. हृदय कमजोर असणाऱ्यांनी ते घेऊ नये, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशी त्याचं जमत नाही. रोजच्या गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. नखाचं टोकच बिघडलं असेल तर अमोरोल्फिनचा लेप आठवड्यातून एक-दोनदा लावून भागतं, पण महिनोन्‌महिने. लिंबू, व्हिनेगर, हळद यांवर माझा भरवसा नाही. नखाखालच्या बुरशीपर्यंत ती पोहोचतच नाहीत.

पुष्कळ जण इथं धीर सोडतात. गोळ्या संपतात आणि नख तसंच पिवळं! पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं अख्खं नवं नख यायला वर्ष ते दीड वर्ष जातं. म्हणून मी चांगल्या आणि बिघडलेल्या नखाच्या सीमेवर कानशीनं बारीक खूण करून देतो. ती खूण पुढे सरकत राहिली आणि तिच्यामागे स्वच्छ नख आलं, तर औषध काम करतंय.

नखाइतकंच बोटांच्या बेचक्यांकडे बघा. पावसाळ्यात होणाऱ्या चिखल्या अनेकदा याच बुरशीच्या असतात आणि तिथूनच ती नखात शिरते. चिखल्यांवर मेडिकलमधून मागून आणलेली ‘खाज थांबवणारी’ ट्यूब लावू नका. तिच्यात बहुधा क्लोबेटासोलसारखं स्टेरॉइड असतं. खाज थांबते, बुरशी आत फोफावते. अशा ट्यूबांनी आपल्या देशात गजकर्ण किती चिवट करून ठेवलंय, हे रोज पाहताना जीव तुटतो. टर्बिनाफिनला दाद न देणारी बुरशीही आता आपल्याकडे पसरली आहे.

पाय धुतल्यावर बेचक्या कोरड्या पुसा. मोजे रोज बदला, गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. बुटांचे दोन जोड आलटून पालटून वापरा. गमबूट रात्री उलटे टांगा. घरात एकाला झालं असेल तर नेलकटर आणि टॉवेल वेगळा हवा. श्रावणात ब्रह्मगिरीची प्रदक्षिणा अनवाणी करून आलात, तर घरी येताच पाय साबणानं धुऊन खरचटलंय का ते पाहा.

मधुमेह असलेल्यांनी जाड नख ब्लेडनं तासू नये. पायाला बधिरपणा असेल तर कापलेलं कळतही नाही. नखाभोवती लाली, सूज, पू किंवा ताप दिसला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.