चढलो, पण उतरलोच नाही

उद्या भूगोलाचा पेपर असला की घरोघरी साधारण सारखंच चाललेलं असतं. तव्यावर पोळी, ओट्यावर उघडं पुस्तक आणि आपली सरबत्ती. "तीन बाजूंनी पाणी?" "द्वीपकल्प." "चारही बाजूंनी?" "बेट." "दोन मोठ्या जलाशयांना जोडणारी पाण्याची चिंचोळी पट्टी?" इथे गाडी अडते. सामुद्रधुनी की संयोगभूमी? आपण घड्याळाकडे बघतो, आवाज थोडा चढतो, आणि मग पोराला मघाशी आलेलं बेटसुद्धा आठवत नाही.

व्याख्या चुकेल याची त्याला फारशी भीती नसते हो. आपला चेहरा पडेल, याची असते. आणि आपल्याला तरी राग कुठे आलेला असतो? दिवसभर दमून आलेलो असतो, त्यात "एवढं साधं येत नाही, पुढे कसं व्हायचं याचं" ही धास्ती.

गंमत म्हणजे आजीकडे जाताना हेच पोर वाशीचा पूल ओलांडतं. खाली ठाण्याची खाडी असते. ओहोटीला नुसता चिखल, कडेनं कांदळवन, नशीब असेल तर गुलाबी रोहित पक्षी. भरतीला तिथेच काठोकाठ पाणी. त्याला ती नदी वाटते, कारण आपण तेव्हा फोनवर असतो. "अरे, समुद्र आत शिरलाय बघ, हीच ती खाडी," एवढं एक वाक्य पुरतं.

माझं आवडतं मात्र पठार. पुस्तकात ते फारच रुक्ष आहे. त्यापेक्षा मुंबईहून पुण्याला आगगाडीनं जा. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं लागतात, ती ढकलायला. मुलांना हे भारी आवडतं. मग बोगद्यामागून बोगदे, बोरघाट, आणि लोणावळा. स्टेशनांच्या पिवळ्या पाट्यांवर बहुतेक ठिकाणी खाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. कर्जत शंभर मीटरच्याही आत, लोणावळा सहाशेच्या वर. आता मुलाला उतार शोधायला सांगा. तळेगाव जातं, चिंचवड जातं, पुणं येतं, तरी उंची साडेपाचशेच्या वरच. चढलो, पण उतरलोच नाही! कोट्यवधी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून झालेलं दख्खनचं पठार ते हेच.

आणि पावसाळ्यात गेलात तर आणखी एक सांगा. घाटमाथ्याच्या पश्चिमेला पडलेलं पाणी उल्हास नदीतून वसईच्या खाडीला जातं, म्हणजे जवळच्या अरबी समुद्रात. लोणावळ्याजवळ उगम पावणारी इंद्रायणी मात्र समुद्र इतका जवळ असून त्याच्याकडे पाठ फिरवते. देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा थेट बंगालच्या उपसागराला. मधल्या सह्याद्रीला जलविभाजक का म्हणतात, हे मग घोकावं लागत नाही.

सगळ्यांनाच हा प्रवास घडतो असं नाही, मान्य आहे. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या कितीतरी मुलांनी समुद्र पाहिलेलाच नसतो, आणि ते वर्गात सांगायची त्यांना लाज वाटते. वाटू देऊ नका. वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंच्याजवळ गोदावरीला मिळते. असा संगम मुंबईच्या मुलानं तरी कुठे पाहिलाय?

समुद्रासाठी परात आहेच. गणपतीनंतर उरलेली शाडू माती घ्या, एका कडेला थापा, तिचं एक टोक पुढे ओढा आणि पाणी ओता. झालं द्वीपकल्प. टोकाशेजारी वेगळा गोळा ठेवलात की तो श्रीलंका, आणि मधली पाण्याची चिंचोळी वाट म्हणजे पाल्कची सामुद्रधुनी. दोन गोळ्यांमध्ये माती भरत गेलात तर सात बेटांची मुंबई एकसंध कशी झाली तेही दिसतं. ओटा घाण होतो, पण पुसता येतो.

एक मात्र सांभाळा. दाखवून झाल्या झाल्या "आता सांग पाहू, पठार म्हणजे काय?" असं विचारू नका. आपली जीभ शिवशिवते, मला माहीत आहे. पण तेवढ्यानं सहलीची तोंडी परीक्षा होते आणि पुढच्या वेळी पोर खिडकीकडे बघायचंच टाळतं. त्यानं आपणहून काही विचारलं आणि आपल्याला आलं नाही, तर सरळ "नकाशात बघू या" म्हणावं. नकाशा आपल्यालाही कुठे धड वाचता येतो!

पेपरात एखादा गुण गेला तर जाऊ द्या. पुढच्या प्रवासात खिडकीची जागा तेवढी त्याला द्या, आणि कर्जतला वडापाव घेताना पिवळ्या पाटीवरचा आकडा त्यालाच वाचू द्या.