कागद तुझ्या नावाचे असू दे, बाई

लग्न होऊन पातुरात आलीस, रेणुकामातेची ओटी भरून झाली, पाहुणेरावळे परतले. आता मोठ्या बहिणीचं एक ऐक, बाई. तुझं खातं आणि त्याचे कागद घरातलं दुसरं कोणी पाहील, म्हणून बसून राहू नको.

बँकेत गेलीस की ‘केवायसी’, म्हणजे ओळखीचे आणि पत्त्याचे कागद, मागतील. तो खिडकीवरच्या माणसाचा हट्ट नसतो. काळा पैसा भलत्याच्या खात्यातून फिरवून पांढरा करतात, ते रोखायला 2002 साली कायदा झाला आणि 1 जुलै 2005 पासून लागू झाला. खातं खरंच कोणाचं, ते माणूस राहतं कुठं, हे बँकेला पाहावंच लागतं.

त्यासाठी चालणारे कागद मोजकेच आहेत: आधार, मतदार ओळखपत्र, पासपोर्ट, वाहन परवाना, अधिकाऱ्याची सही असलेलं रोजगार हमीचं जॉबकार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदवहीचं पत्र. यांतला एक पुरतो. सोबत पॅन, नसेल तर फॉर्म 60. रेशनकार्ड या यादीत नाही. तेवढंच घेऊन गेलीस तर हेलपाटा पडेल.

तुझी अडचण वेगळी. आधारावर नाव माहेरचं, पत्ताही माहेरचा. नावाचं सोपं आहे: विवाह नोंदणीचा दाखला जोडला की जुन्या नावाचं ओळखपत्रही बँकेत चालतं. म्हणून हा दाखला आधी काढ. शहरात नगर परिषदेत, खेड्यात ग्रामपंचायतीत नोंद होते.

पत्त्यासाठी दोन महिन्यांच्या आतलं वीजबिल किंवा घरपट्टीची पावती तात्पुरती चालते. मग तीन महिन्यांत नव्या पत्त्याचं ओळखपत्र द्यावं लागतं. पण बिल सासऱ्यांच्या नावावर, पावतीही त्यांच्याच. तिथं अडू नको. आधारात कुटुंबप्रमुखाच्या संमतीनं पत्ता बदलता येतो. जावईबापूंच्या आधारावर पातूरचा पत्ता असला, तर त्यांनाच कुटुंबप्रमुख धरून नात्याचा पुरावा म्हणून तोच विवाहाचा दाखला लाव आणि त्यांच्याकडून मंजुरी घे. एका दाखल्यात दोन्ही कामं होतात.

नावाचा एकही कागद नसलेल्या बाईलाही बँक परत पाठवू शकत नाही. फोटो देऊन, अधिकाऱ्यासमोर सही किंवा अंगठा करून तिचं ‘लहान खातं’ उघडतं. त्यात शिल्लक 50 हजारांवर जाऊ देता येत नाही आणि महिन्याला 10 हजारांच्या वर काढता येत नाही. शेजारच्या वावरात काम करणाऱ्या काकूंना हे आवर्जून सांग.

पुढं काही वर्षांनी बँक पुन्हा केवायसी मागेल. नाव-पत्ता तोच असेल, तर तसं स्वतः लिहून दिलं तरी भागतं. मात्र ‘खातं बंद पडेल, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो चोराचा समज. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर कळव.

झेरॉक्स देताना त्यावर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहून सही करत जा. आणि कोणी कितीही गोड बोलून ‘तुमचं खातं वापरू द्या, कमिशन देतो’ म्हणालं, तरी पासबुक, एटीएम, सिम हाती देऊ नको. पैसा त्याचा असला तरी नाव तुझं असतं, आणि चौकशीला तुलाच बोलावतात.

लाडकी बहीण योजनेचे पैसे असोत की तुझ्या कष्टाची मजुरी, ते तुझ्या नावाच्या खात्यात यावेत. म्हणून दाखल्याचा अर्ज याच आठवड्यात दे, आणि बँकेत सहीला तूच जा.